देवीने मागितलेली साखर

घाटकोपर,
८ जून १९८७

चि. अनंत,

आशीर्वाद आहेतच, रागाखाली दबलेत एवढंच. माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच कोनाड्यात टाकशील, म्हणून पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

घाटकोपर आणि बोरीवली यांच्यामध्ये काही समुद्र नाही. तरी गेल्या दिवाळीत तू मला चारचौघांत दार दाखवलंस आणि माझी पावलं तिकडे वळेनाशी झाली. तुझ्या बिल्डिंगमधल्या बायका आईच्या पायावर डोकं ठेवत होत्या, ते बघून मी म्हटलं होतं, हिच्या अंगात देवी नाही, गोळी आली होती. फटकळपणा झाला, मान्य. पण बोलले ते खोटं नव्हतं, आणि ते पुन्हा सांगायलाच हे पत्र लिहिते आहे.

मी वकिलांकडे गेले होते. आमच्या शाळेत माझ्याबरोबर शिवण शिकवणारी शकु तुला ठाऊक आहे. तिचे भाऊ अंबादास साळवे मानखुर्दला राहतात, वकिली करतात. मी त्यांच्यासमोर बसले आणि एकदम रडूनच सुरुवात केली. ते म्हणाले, बाई, आधी घडलं ते क्रमानं सांगा, काय वाटलं ते मागून. म्हणून तुलाही क्रमानं लिहिते. तुझ्या क्रमात काही वेगळं असेल तर तू कळव.

गेल्या भाद्रपदात आईची साखर वाढली. तू तिला डॉक्टरांकडे नेलंस आणि त्यांनी जुनी गोळी बदलून नवी दिली. नवरात्र बसलं, आईनं दर वर्षीसारखे नऊ दिवसांचे उपास धरले. गोळी चालूच होती. अष्टमीला दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळे कुठेतरी लागले आणि ती काहीबाही बोलू लागली. समोर घट, दिवा तेवतोय, बायका आरतीला जमलेल्या. कोणीतरी म्हणालं, देवी आली. मग तिला पाटावर बसवलं, मळवट भरला, ओटी भरली, प्रश्न विचारले. शेजारच्या नीलाबाईंनी विचारलं, माझा धोंडू परत येईल का? आई म्हणाली, येईल. आणि घर सोडून गेलेला धोंडू खरंच दिवाळीच्या आधी परत आला. तेव्हापासून तुम्हां सगळ्यांना कसलीच शंका उरली नाही.

मी पोचले तेव्हा आरती नुकतीच संपली होती. आत शिरता शिरता कुणीतरी माझ्या हातावर प्रसादाची साखर ठेवली. मी ती तोंडात टाकली आणि मग गर्दीतून मला आई दिसली. तिची मान एका बाजूला कलली होती आणि ती नुसती हूं हूं करत होती. दवाखान्यात नेलं तोवर तिची शुद्ध हरपली होती.

तिथला तो तरुण डॉक्टर काय म्हणाला ते तूही ऐकलंस, पण ऐकल्यासारखं केलं नाहीस. तो म्हणाला, ही गोळी एका दिवसात उतरत नाही, रेंगाळते. पोटात अन्न नसलं की रक्तातली साखर खाली खाली जाते आणि मेंदू उपाशी राहतो. लवकर तोंडात साखर पडली असती तर ह्या बाई चालत घरी गेल्या असत्या. आता आपली आई आपल्या नावाला ओ देत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते, घास भरवला तर खाते.

साळवे म्हणतात, सगळं एका गोष्टीवर अडलं आहे. गोळी बदलताना डॉक्टरांनी उपासाबद्दल सावध केलं होतं की नाही? आईला विचारण्यात अर्थ नाही. तिच्याबरोबर दवाखान्यात तू होतास. त्या खोलीत काय बोलणं झालं ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. ते मला लिहून पाठव.

तुझी,
मालनताई


घाटकोपर,
५ जुलै १९८७

चि. अनंत,

तुझं कार्ड मिळालं. "देवीच्या गोष्टी कोर्टात नेऊ नकोस." खाली सहीसुद्धा नाही. शाळेत असताना दोन ओळींचा निबंध लिहून मार खायचास, ती खोड काही गेली नाही.

मी देवीला कोर्टात नेत नाहीये. तिच्यावर माझा राग नाही, मीही घट बसवते. मी डॉक्टरांना विचारते आहे, औषध बनवणाऱ्यांना विचारते आहे. आणि विचारायचं तरी कुठे, ते ऐक, म्हणजे तुझी बहीण सुखासुखी वणवण करत नाहीये हे तुला कळेल.

पहिली जागा पोलीस चौकी. हे म्हणाले, तिथे हवालदार विचारेल, बाई, तक्रार डॉक्टरवर लिहू की देवीवर? तेव्हा तिथे गेलेच नाही. दुसरी जागा डॉक्टरांची परिषद. ती फार तर डॉक्टरांचं नाव यादीतून काढेल, पण आईच्या औषधपाण्याला, तिच्याजवळ बसायला ठेवायच्या बाईला त्यातून काही मिळायचं नाही. आणि सगळे एकमेकांचे डॉक्टर, असं साळवे हसून म्हणाले. तिसरी जागा म्हणजे गिऱ्हाइकांसाठी नवा कायदा झालाय म्हणे. पण त्याची कोर्टं अजून उभी राहायची आहेत आणि डॉक्टरकडे जाणारा माणूस गिऱ्हाईक ठरतो की नाही यावरच भांडण होईल. मी म्हटलं, आपण दवाखान्यात फुकट जातो का? ते म्हणाले, हेच तुम्ही जज्जसाहेबांना विचारायचं, पण दहा वर्षं विचारत बसावं लागेल.

राहिला दिवाणी दावा. आईला आता स्वतःचं भान नाही, म्हणून तिच्या वतीनं मी लावायचा. त्यात औषधाची कंपनी म्हणणार, उपाशीपोटी धोका आहे असं आम्ही माहितीच्या कागदावर छापलंय. तो कागद मी पाहिला. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले, त्यानं खोक्यातून काढून दाखवला, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मी विचारलं, हा आईला का दिला नाहीत? तो म्हणाला, ताई, खोक्यात कागद एकच असतो आणि लोक पट्टी कापून आठवड्यापुरत्या गोळ्या नेतात, मी कागद कुणाकुणाला कापून देऊ? त्याचं बोलणं ऐकून मला रागही धड येईना. म्हणजे सावध करायचं काम एकट्या डॉक्टरांकडे उरलं, आणि डॉक्टर म्हणतात, मी सांगितलं होतं.

तू म्हणालास की ते खोटं, तर दावा उभा राहतो. तू गप्प बसलास तर डॉक्टरांचा शब्द आणि आईचं मौन.

अनंता, मला हल्ली शाळेत नीट शिकवता येत नाही. मुली एकदम मशीन चालवायला लागल्या की तो सगळ्यांचा मिळून एक आवाज होतो, हूं हूं हूं, अगदी तसा. मी वर्गाबाहेर येऊन उभी राहते. आणि चहात साखर घालायची मी सोडून दिली आहे. ह्यांना वाटतं मलाही डायबेटिस झाला. त्या दिवशीची ती साखर माझ्या तोंडात अजून आहे रे. कितीही चूळ भरली तरी जात नाही.

तुझी,
ताई


घाटकोपर,
१२ ऑगस्ट १९८७

अनंत,

काल मी तुझ्या घरी येऊन गेले. तू कंपनीत होतास. तुझ्या बायकोला, कुंदाला, रागावू नकोस. मी दारात उभी राहिले आणि तिनं मला आत घेतलं. तिला माझ्याच तोंडाकडे बघून रडू फुटलं, त्यात तिचा काय गुन्हा?

मंगळवार होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. तुझी ती देवीची बैठक संध्याकाळी, पण बायका दुपारपासूनच ओट्या घेऊन जिन्यात बसलेल्या. एकीनं मलाच विचारलं, तुमचा नंबर कितवा? मी म्हटलं, मी पहिलं मूल, माझा नंबर पहिलाच. आत गेले तर आई हिरव्या साडीत, कपाळभर कुंकू, आणि दंडावर कातडी नुसती लोंबत होती. मी तिच्यापुढे बसले. तिनं माझ्या पदराचं टोक हातात घेतलं आणि शिवण बघावी तसं उलटसुलट करून बघितलं. मग सोडून दिलं. मला ओळखलं नाही तिनं.

मग मला कुंदाकडून जे जे कळलं ते मी तिला धमकावून काढून घेतलेलं नाही. वर्षभर तिच्या पोटात ते सडत होतं.

पहिलं म्हणजे, आईची साखर पुन्हा चढली म्हणून त्याच डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा चालू केली आहे. अर्धी. जणू अर्धी गोळी अर्धाच घात करते. आणि मंगळवारी बैठक असते म्हणून तू तिला दिवा लागेपर्यंत उपाशी ठेवतोस. सकाळी गोळी आणि संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही! अरे, एकदा झालं ते न कळून झालं. आता काय म्हणायचं?

दुसरं. भाद्रपदात गोळी बदलून घरी परत आल्यावर आईनं स्वतः कुंदाला सांगितलं होतं. तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, नवरात्रात उपास केले तर चालतील ना? डॉक्टर म्हणाले होते, "उपास खुशाल करा, गोळी मात्र एक दिवस चुकवायची नाही." आणि तू इतका शब्दाचा पक्का की नऊच्या नऊ दिवस सकाळी आंघोळ करून, घटाला माळ घालून, आईच्या हातावर स्वतः गोळी ठेवत होतास. कुंदानं ऐकलं ते आईच्या तोंडून. डॉक्टरांच्या तोंडून ऐकणारा तू एकटा. कोर्टाला तू हवास, कुंदा नको.

आणि आता तिसरं. मला वाटायचं की त्या दिवशी आईला स्वतःला काय होतंय ते काहीच सांगता आलं नाही, नुसती हूं हूं करत होती. कुंदा म्हणते, मी यायच्या आधी ती स्पष्ट बोलत होती. तुझ्याकडे बघून म्हणाली, "माका वायच साकर दी रे." एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बायका म्हणाल्या, देवी नैवेद्य मागते आहे. तू धावत जाऊन वाटीभर साखर आणलीस, घटापुढे ठेवलीस, पाण्यानं मंडल केलंस, आरती म्हटलीस. आणि मग ती साखर तू सगळ्यांना वाटलीस. आईनं वाटीकडे हात केला तेव्हा वाटी बाजूला घेतलीस आणि म्हणालास, आई, तुला चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय.

मागताना ती देवी होती आणि खाताना आई झाली काय रे?

माझ्या हातावर पडली ती तिची साखर होती. तिनं मागितलेली. मी खाल्ली.

मला तुझी साक्ष नको, तुझी सही नको, तुझं तोंड बघायला नको. मंगळवारची बैठक बंद कर आणि आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे ने. तू नेणार नसशील तर मी नेईन, मग तुझ्या जिन्यातल्या बायकांना मला अडवू दे.

मालन


घाटकोपर,
१४ सप्टेंबर १९८७

चि. अनंत,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. मी ते घरात कुणाला दाखवलं नाही. दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं.

मागच्या पत्रातलं माझं एक वाक्य तुला लागलं, असं तू लिहितोस. लागावं म्हणूनच लिहिलं होतं. पण ते इतकं खोल जाईल असं वाटलं नव्हतं. गणपतीला तू गावी मालवणला गेला नाहीस, सुट्टी घेऊन घरात दार लावून बसलास, हे कुंदानं शेजारच्या फोनवरून सांगितलं.

तू विचारलंस, "ताई, देवी नव्हती तर त्या दिवशी मी काय केलं?" एवढी एकच ओळ तू मधोमध लिहिली आहेस. बाकी तीन पानं देवीच होती हे मला पटवण्यात घालवलीस. धोंडू परत आला, कुणाची नोकरी टिकली, कुणाचं मूल वाचलं. मी ती तीन पानं वाचताना मनात म्हणत होते, बाबा, तू हे मला पटवत नाहीस.

खरं सांगू? दिवाळीत मला वाटलं होतं की तू अडाणी झालास. ऑगस्टमध्ये वाटलं की तू दुष्ट झालास. आता तुझं पत्र वाचून कळतं की तू त्या देवीला घट्ट धरून बसला आहेस, कारण ती सुटली तर तुझ्या हातात ती साखरेची वाटी उरते. आणि मी ताई असून वर्षभर तुझा तोच हात ओढते आहे. मी काय करू? आईकडे बघितलं की तुझी दया येत नाही, आणि तुझं पत्र वाचलं की दावा नको वाटतो. साळवेंना मी सांगून टाकलं, थोडं थांबा. ते म्हणाले, तुम्ही थांबा, पण औषध थांबलंय का?

त्यासाठीच लिहिते आहे. तू म्हणतोस, मंगळवारी आता तिला दुपारी दूध देता. बरं झालं. पण नवरात्रात तिला पाटावर बसवायचंच, बिल्डिंगनं नवस बोललाय, माघार घेता येत नाही, असं तू लिहिलं आहेस. आणि गोळीचं डॉक्टरांना विचारतो म्हणून. तू विचारशील आणि ते पुन्हा म्हणतील, चुकवू नका. तू तुझ्या आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला उलट विचारलेलं नाहीस, बाबांनाही नाही.

तेव्हा ऐक. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मी मुलुंडला घेऊन ठेवली आहे, ती दसऱ्यानंतरची मिळाली. तोपर्यंत तिला उपास नको, फराळही चारीठाव जेवणासारखा घाल. नवस देवीला पोचेल, तिला पोटाचं कळतं. आणि आईला घाम फुटला, ती थरथरली, वेडंवाकडं बोलली, तर कुणाला विचारू नकोस. कौल लावू नकोस, आरती म्हणू नकोस. साखर तिच्या तोंडात घाल. पाण्यात कालवून चमच्यानं घाल. आणि नंतर टॅक्सी करून दवाखान्यात ने, कारण ती गोळी पुन्हा खाली ओढते.

कोर्टाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी यापुढे त्याबद्दल लिहिणार नाही. एवढी एक वाटी मात्र देव्हाऱ्याजवळ भरून ठेव, आणि ती नैवेद्याची नाही हे लक्षात ठेव.

तुझी,
ताई


घाटकोपर,
११ ऑक्टोबर १९८७

माझ्या अनंता,

शुक्रवारी तू आलास आणि दारातूनच गेलास. मी शाळेत होते. ह्यांनी तुला आत ये म्हटलं तरी तू पाकीट त्यांच्या हातात दिलंस आणि जिना उतरलास. पाणीसुद्धा घेतलं नाहीस.

अष्टमीचं मला कुंदानं सांगितलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, ते राहिलं. ती म्हणाली की आई सकाळपासून खात नव्हती, घास बाहेर काढत होती. गोळी मात्र पोटात गेलेली. दुपारी आरतीला खोली भरली होती, दारातही बायका होत्या, आणि आईचे हात थरथरायला लागले. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं. नीलाबाई मोठ्यानं म्हणाल्या, आली, आली. सगळ्यांनी हात जोडले. तू ताट हातात घेऊन उभा होतास.

कुंदा म्हणते, तू किती तरी वेळ तसाच उभा राहिलास. मला वाटतं फार वेळ नसेल, तिला वाटला असेल. मग तू ताट खाली ठेवलंस, वाटी घेतलीस आणि आईपुढे बसलास. नीलाबाईंनी तुझा हात धरला. म्हणाल्या, अरे, आधी देवीपुढे ठेव, उष्टं होईल. तू म्हणालास, "ही माझी आई आहे. हिला भूक लागली आहे." आणि तिच्या गालात चमच्यानं साखरेचं पाणी सोडत राहिलास. बायका एकेक करून उठून गेल्या. एकीनं जाताना म्हटलं की यंदा बिल्डिंगचं काही खरं नाही.

आणि थोड्याच वेळात आईची थरथर थांबली. घाम सुकला. तिनं मान सरळ केली.

मी तुझ्या जागी असते तर आनंदानं ओरडले असते, असं मी कुंदाला म्हणून गेले. ती म्हणाली, ताई, त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. मग माझ्याही लक्षात आलं. इतकं सोपं होतं. गेल्या वर्षीही इतकंच सोपं होतं, आणि आता ते तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस. दवाखान्यात सलाइन लावून तिला दोन दिवस ठेवलं, ती गोळी कायमची बंद केली, हे सगळं तू निमूटपणे केलंस. आणि घरी येऊन कागद घेऊन बसलास.

तुझा कागद मी वाचला. जूनपासून ज्याच्यासाठी मी तुझ्याशी भांडले तो कागद, तुझ्या सहीचा. मोठा निबंध लिहिलास ह्या वेळी. आईनं साखर मागितली. मी दिली नाही. वाटी मागे घेतली. सगळ्यांना वाटली, तिला नाही. मी स्वतः खाल्ली. तिच्या ह्या अवस्थेला मी जबाबदार आहे, दुसरं कोणी नाही. खाली तारीख, सही, पुरं नाव.

मी तो साळवेंकडे नेला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, मालनबाई, हा कागद कोर्टात गेला तर डॉक्टरांचे वकील तुमच्या भावाला हार घालतील. डॉक्टरांचं यात नावसुद्धा नाही. गोळीचं नाही, उपासाचं नाही. घरच्या माणसानं कबूल केलं, मग डॉक्टरांना कोण विचारतं? मी म्हटलं, तो खोटं नाही लिहीत. ते म्हणाले, खोटं नाही, पण अर्धं आहे. अर्धं सांगून तुमच्या भावाला स्वतःला शिक्षा करून घ्यायची आहे, आणि ती द्यायला कोर्ट एका पायावर तयार होईल.

अनंता, मी वकिलांकडे गेले ती आईसाठी. तुला फासावर द्यायला नव्हे. हे मी तुला आधीच, पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. मला वाटलं की ते तुला कळत असेल.

हा कागद परत पाठवते आहे. यातलं एक अक्षर खोडू नकोस, सगळं खरं आहे. पण पुन्हा लिही आणि आधीपासून सुरुवात कर. तू आईला हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढवलंस तिथून. तिनं काय विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, त्यांनी गोळी बदलताना आणखी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही. साखर तिला विष आहे हे तुला कुणी शिकवलं, आणि ती कमी पडली तर मरण आहे हे कुणीच का शिकवलं नाही. नऊ दिवस तू तिच्या हातावर गोळी कुणाच्या शब्दावर ठेवलीस. वाटीपर्यंत यायच्या आधी एवढं सगळं आहे. तुझे डॉक्टर आत्ताही कुणाला तरी उपासाच्या दिवसात तेच सांगत असतील, आणि ते ऐकणारा दुसरा कुणीतरी तुझ्यासारखाच शब्दाचा पक्का असेल. कोर्टात ते तुला आडवंतिडवं विचारतील, वाटीचंही विचारतील. तू खरं तेच सांग. आपण हरलो तरी चालेल. मी पहिल्या बाकावर बसलेली असेन.

आणि एक गोष्ट तू कागदात लिहिली नाहीस, ती कुंदानं मला सांगितली. आईनं मान सरळ केली तेव्हा ती तुझ्याकडे बघत होती. भिंतीकडे नाही, तुझ्याकडे. वर्षभरात पहिल्यांदा तिनं कुणाला काही विचारलं. म्हणाली, "तू खाल्लंस काय रे?"

तू उठून बाहेर गेलास म्हणे. ती किती वेळ दाराकडे बघत होती आणि मग पुन्हा भिंतीकडे वळली.

कोर्टाला काय ते मागून सांग. आधी आत जाऊन तिच्यापुढे बस. तिला समजो न समजो, ती पुन्हा कधी विचारो न विचारो, तिचा हात हातात घे आणि तिला सांग, खाल्लंय गो आये.

तुझी,
ताई